हिरव्या उजेडाच्या मोहिमेची हकीकत

वाचणारांनी चित्त थाऱ्यावर ठेवोन परिसावे. प्रयोगशाळेच्या वरल्या मजल्यावर अखंडित-एप्रन-अलंकृत, जंतुप्रतिपालक वहिनीसाहेब यांचा अंमल होता. सख्खी नणंद तेथेच संगणकावर चाकरीस, सबब साऱ्या प्रयोगशाळेच्या त्या वहिनी. त्यांणी बहुत मेहनतीने जंतूंची नवी जात सिद्ध केली आणि तीस तालीम ऐसी दिली की, पोटास रसद कमी पडताच अंग हिरवे चमकवून इशारत करावी. मसलत नामी, परंतु जंतू काही केल्या चमकेनात. मग विभागप्रमुख सरसाहेब यांचा हुकूम सुटला की, शुक्रवारपर्यंत संगणकावर गणिती नमुना मांडोन मसलत खरी करावी, न केल्यास शीतकपाटातील कप्पा खालसा होऊन जंतू निर्जंतुकीच्या कुकरात जातील. ते जंतू तर वहिनीसाहेबांनी पोटच्या लेकरांसारखे वाढविले होते.

मग वहिनीसाहेब संगणकाच्या मुलखात उतरल्या. मुलूख परका, आणि एक स्वल्पविराम चुकला की पडदा लालबुंद होऊन अंगावर येई. सबब नणंदबाईंस कुमकेस बोलाविले. नणंदबाई गणितात जबर, जिभेने त्याहून जबर. जंतू कोण्या वेगे वाढती, रसद किती उरता हिरवा रंग किती चढे, ऐसी समीकरणे त्यांणी शिकविली, आणि वहिनीसाहेबांनी घाम गाळोन ती मांडिली आणि कळ दाबिली. तो जंतूंची रेघ चढत चढत पडद्याबाहेर गेली, आणि हिरवी रेघ तळाशी आडवी ती आडवीच. आकडे बदलिले, जनुकास बोल लाविला, संगणकासही चार शब्द सुनाविले. रेघ ढिम्म हलेना.

अखेर नणंदबाईंनी नमुना मुळापासोन वाचला.

"वहिनी, यांचं खाणं कमी होतं ते कुठे लिहिलंयस?"

"कमी कसं होईल? सूप मी बदलते ना, संपायच्या आत."

"खऱ्या कुप्पीतसुद्धा?"

"मग काय उपाशी ठेवू त्यांना?"

नणंदबाईंनी कपाळावर हात मारिला. वहिनीसाहेबांस प्रथम लाज वाटली, आणि मग जे करणे होते त्याचे फार वाईट वाटले. काळजावर धोंडा ठेवोन त्यांणी समीकरणात रसद घटविली, आणि तत्क्षणी जंतूंची रेघ वाकली आणि हिरवी रेघ उभी राहिली. परंतु पडद्यावरची फत्ते निराळी, कुप्पीतली निराळी. म्हणोन गुरुवारी सूप बदलणे तहकूब जाहले. वहिनीसाहेब हात मांडीखाली दाबून बसल्या, आणि उठू लागताच नणंदबाई एप्रन धरोन खाली बसवीत. जंतू उपाशी असता आपण जेवणे रास्त नव्हे, म्हणोन वहिनीसाहेबांनी डबाही उघडला नाही.

शुक्रवारी सकाळी निळ्या दिव्यापुढे कुप्पी धरिली, ती हिरवीगार. सरसाहेब जातीने आले, पाहते जाहले, आणि कप्पा सदरहू जंतूंस वंशपरंपरेने बहाल केला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते पावली, ती येथे नमूद असे. नजराणे, भाषणे मागाहून. सरसाहेबांची पाठ वळताच वहिनीसाहेबांनी आधी जंतूंस जेवू घातले.