बायोसमधली तारीख

मुली बघायला जायचा संघपालला आता चांगलाच सराव झाला होता. बशीत पोहे किती उरवायचे, प्रश्न विचारल्यावर किती वेळानं उत्तर द्यायचं, हे त्याला पाठ होतं. नकार मात्र दर वेळी नव्यानं लागायचा. एका घरानं 'कॉम्प्युटर क्लास म्हणजे काही नोकरी नव्हे' असं सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्या घरानं कारण सांगायचीही तसदी घेतली नव्हती. म्हणून माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत, हरिदास खोब्रागडे यांच्या क्वार्टरमध्ये तो अंग चोरून बसला होता. त्यांची मुलगी संघप्रिया, जिची कॉलेजची परीक्षा एप्रिलमध्ये होती, आलूपोहे ठेवून गेली. जाताना तिनं एकदाच वर पाहिलं, आणि इथून नकार आला तर आपल्याला खरोखरच वाईट वाटणार, हे संघपालला तिथल्या तिथे कळून चुकलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण सोबत त्याचे मामा, गुणवंतराव होते. मामांच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असेपर्यंतच काय ती शांतता, आणि तो नेमका संपला.

"भाऊ, आमचा भाचा म्हणजे कॉम्प्युटरचा डॉक्टर आहे," मामा म्हणाले. "भद्रावतीत कोणाचाबी कॉम्प्युटर बिमार पडला का यालेच बोलावतेत."

वस्तुस्थिती अशी, की संघपाल टायपिंग आणि अर्ज लिहिणं शिकवायचा. क्लासातलं मशीन बिघडलं की चंद्रपूरहून मेकॅनिक यायचा आणि डॉक्टरसाहेब त्याला बॅटरी धरून उजेड दाखवायचे. एवढ्या अनुभवावर डॉक्टर व्हायचं म्हणजे धाडसच, पण ते मामांनी परस्पर केलं होतं.

हरिदासभाऊ खाणीत डंपर चालवायचे. बंद पडलेलं यंत्र घरात असणं त्यांना कमीपणाचं वाटे. मुलीसाठी घेतलेला कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या टेबलावर होता, त्याचा सीपीयूचा डबा टेबलाखाली होता, आणि कोळशाची धूळ बसू नये म्हणून त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, त्या सगळ्याला विणलेला पडदा लावला होता.

"मंग पाहून घ्या न बापू जरासा," हरिदासभाऊ म्हणाले. "चालू होते, अन् इंग्रजीत एक ओळ लिहून बसून राह्यते."

काळ्या स्क्रीनवर खरंच एकच ओळ आली. डिस्कमध्ये काहीतरी चूक आहे आणि कुठलंही बटण दाबा, असा तिचा भावार्थ होता. संघपालनं कुठलंही बटण दाबलं. तीच ओळ पुन्हा आली. खोलीत सगळ्यांचे डोळे पाठीला टोचायला लागले, तेव्हा त्याला मेकॅनिकचं आवडतं वाक्य आठवलं.

"बायोसमध्ये प्रॉब्लेम दिसते," तो गंभीरपणे म्हणाला.

विंडोज सुरू व्हायच्या आधी मशीन ज्या सेटिंग वाचून घेतं, त्यांना बायोस म्हणतात, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यापुढे मात्र सगळा अंधार होता. मशीन पुन्हा चालू करून त्यानं डिलीट दाबलं. निळा स्क्रीन आला, आणि त्या निळ्या रंगानं घरात त्याची इज्जत एकदम वाढली. मग काय, तो या ओळीवरून त्या ओळीवर हिंडायला लागला. हिंडता हिंडता 'सुपरवायझर पासवर्ड'पाशी पोचला.

"सुपरवायझर?" हरिदासभाऊंच्या कपाळावर आठी आली. "हा इथीबी आला काय?"

त्या प्रश्नानं गडबडून संघपालचं बोट कुठल्या तरी बटणावर पडलं, मग एंटर झालं, मग पुन्हा तेच. आता मशीन सुरुवातीलाच पासवर्ड मागायला लागलं, आणि तो काय होता हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आधी निदान ती ओळ तरी यायची.

यावरही मेकॅनिकचा एक उपाय होता: आतला चपटा सेल काढायचा, थोडं थांबायचं, परत बसवायचा. संघपालनं स्क्रू काढायला पेचकस मागितला. हरिदासभाऊंनी डंपरचा आणला. तो बघून मामा दोन पावलं मागे सरले. डबा उघडताच आतून एवढी कोळशाची धूळ निघाली, की रुखमाबाईंनी त्या पडद्याकडे बघून सुस्कारा सोडला. सेल निघाला, परत बसला, पासवर्ड गेला. मशीननं इंग्रजीत आणखी काहीतरी विचारलं, ते त्यानं न वाचताच पुढे ढकललं. आणि तीच जुनी ओळ पुन्हा हजर झाली.

आता फॉरमॅट. सगळं पुसायचं आणि विंडोज नव्यानं टाकायची. त्यानं पिशवीतून सीडी काढली. दारात उभ्या संघप्रियानं हळूच विचारलं, "आतलं सगळं जाईल काय?"

संघपालनं सीडीकडे पाहिलं. त्याच्या चुलतभावाच्या लग्नाची होती. विंडोजची भद्रावतीतच राहिली होती. अजूनही 'हार्ड डिस्क गेली' म्हणून मानानं उठता आलं असतं, मामा तर तसं खुणावतही होते. पण तिनं विचारलं होतं, आणि तिच्याशी खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना.

"खरं सांगू काय," तो म्हणाला, "मले हे येतच नाई. मी फक्त टायपिंग शिकवतो."

मामांनी डोळे मिटून घेतले. संघपाल हातावरची धूळ पुसायला लागला. आणखी एक नकार, आणि तोही स्वतः मागून घेतलेला.

संघप्रिया टेबलापाशी खाली बसली, डब्याच्या पुढून लोंबणारा पडदा बाजूला केला आणि एक बटण दाबलं. टक्कन एक फ्लॉपी बाहेर आली.

"रिकामी फ्लॉपी आत असली का असंच होते," ती म्हणाली. "मीच टाकली होती."

हरिदासभाऊ बघतच राहिले. "तू? काऊन?"

"आतापर्यंत जे पाहाले आले, ते सगळे कॉम्प्युटरवालेच होते बाबा. एक म्हणे मदरबोर्ड जळला, एक म्हणे हार्ड डिस्क गेली. येत नाई म्हणणारे हे पहिले."

रुखमाबाई पडद्याच्या सुरकुत्या नीट करायला लागल्या. त्यांना हे आधीच ठाऊक होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. संघपालला मात्र हसावं की पळून जावं हे कळेना.

मशीन पुन्हा सुरू झालं आणि मघाच्याच प्रश्नापाशी अडलं. सेल काढल्यानं तारीख पुसली गेली होती, तिथं एकोणीसशे ऐंशी साल दिसत होतं.

"ऐंशी?" हरिदासभाऊ खुलले. "तवा त माझं लगनबी नव्हतं झालं."

"मंग राहू दे पोरी," रुखमाबाई म्हणाल्या, "बदलू नको."

मामांना आता कंठ फुटला. "भाऊ, आपल्यात पंचांग नाई, मुहूर्त नाई. पहिल्यांदाच कोणीतरी तारीख विचारून राह्यलं, त लगनाचीच सांगून टाका न."

हरिदासभाऊंनी मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून कीबोर्डवर आकडे मारत राहिली. संघपालनं वाकून पाहिलं. बाहेर थंडीचे दिवस होते आणि स्क्रीनवर मे महिना होता, तिची परीक्षा संपल्यानंतरचा रविवार.

सकाळपासून पहिल्यांदाच समोर असं काही आलं होतं, जे त्याला नक्की येत होतं. त्यानं एंटर दाबलं.