महेमूदभाईंच्या समेवरचा टण्ण

भुजंगरावांचं व्हिजिटिंग कार्ड भुजंगरावांनी स्वतःच लिहिलं होतं : ‘भुजंगराव, सूरशोधक व तालतपासनीस. हरवलेली गाणी, चोरलेल्या चाली, संशयास्पद शांतता. सर्व तपास केवळ बुद्धीच्या जोरावर. वेळ : सकाळी नऊ ते चहा.’

ही कार्डं जुन्या जालन्यात आदिनाथच्या झेरॉक्सच्या दुकानात छापली. दोनशे छापली, चार वाटली गेली आणि पाचवं आदिनाथने काउंटरच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं. बियाण्याच्या गोदामातून निवृत्त झालेला माणूस एरवी देवाला लागतो नाहीतर शेअर बाजाराला. भुजंगराव तपासाला लागले. तपासनिसाला मदतनीस लागतोच, म्हणून पन्नाशीचा आदिनाथ मदतनीस झाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. दुकानात एक जादा खुर्ची ठेवली, एवढीच त्याची चूक.

भुजंगराव ‘दर्दी मैफल’ या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनही होते. जालना, मंठा, बदनापूर, कुठकुठले गाणंवेडे लोक त्यात होते. कुणी गाणं टाकायचं, कुणी राग ओळखायचा, तिसऱ्याने तो चुकीचा ठरवायचा आणि मग दुपारपर्यंत भांडणाचा आलाप चालायचा. ग्रुपचा नियम एकच आणि कडक : अंगठ्याचं चित्र टाकायचं नाही. दाद द्यायची तर गाणं लावून, ऐकता ऐकता, आपला आवाज रेकॉर्ड करून द्यायची. त्यामुळे सकाळी ग्रुपवर ‘वाह’ आणि ‘क्या बात’ यांचा नुसता पाऊस पडे. मंठ्याच्या एका सभासदाची म्हैसही दोनदा दाद देऊन गेली होती. तिला कुणी काढलं नाही, कारण तिची दाद द्यायची जागा बऱ्याच जणांपेक्षा बरी होती.

त्या गुरुवारी बदनापूरचे महेमूदभाई दुकानात आले. महेमूदभाई शिलाईवाले. रोज सकाळी नऊला, दुकानाचं शटर आतून ओढून ते एक बंदिश गायचे आणि ग्रुपवर टाकायचे. साठी उलटली, पण माणसांसमोर कधी गायले नव्हते. समोर कुणी बसलं की त्यांच्या गळ्याला टाका पडे. येत्या रविवारी बदनापुरात ग्रुपची पहिली प्रत्यक्ष मैफल होती आणि सगळ्यांनी त्यांना गळ घातली होती.

“गातो,” महेमूदभाई म्हणाले, “पण तो टणवाला समोर बसला पाहिजे.”

हा टणवाला म्हणजे लिंकवरून ग्रुपात शिरलेला एक अनोळखी नंबर. नावाच्या जागी नुसतं टिंब, फोटोत तुळस. दोन महिने झाले, महेमूदभाईंचं गाणं आलं की थोड्या वेळात त्याची दाद यायची. मागे महेमूदभाईंचा आवाज, आणि सगळ्या ताना फिरून गाणं तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर आलं, की एकच ‘टण्ण!’ केसभर अलीकडे नाही, केसभर पलीकडे नाही. बाकी शब्द नाही.

“उमरभर बंद दुकानात गायलो, भुजंगराव. लोकं वाह करतात, पण कुठंबी करतात. हा एकटा बराबर ऐकून राह्यलाय. त्याचं तोंड दिसलं तर माझा आवाज फुटंल. न्हाई तर मैफलीला मी फक्त सतरंजी उचलायला येतो.”

भुजंगरावांचे डोळे पाणावले. मग त्यांनी ते पुसले आणि भिंग काढलं. आवाजाच्या तपासाला भिंग कशाला, हे विचारायचं आदिनाथने केव्हाच सोडून दिलं होतं.

“नंबरला मी कालच नोटीस धाडली. ‘आपण कोण? चोवीस तासांत ओळख जाहीर करावी, अन्यथा तपास होईल.’ दोन निळ्या खुणा आल्या, जबाब न्हाई. यावरून काय कळतं, आदिनाथ?”

“काय?”

“संशयिताला वाचता येतं.”

“फोन लावून बघा की.”

“लागत न्हाई.”

“मंग रिचार्ज नसंल. घरच्या वायफायवर चालत असंल.”

“आदिनाथ, साधी उत्तरं साध्या माणसांना सुचतात. हे ऐक.” त्यांनी एक दाद कानाशी धरली. टण्णच्या मागे, लांबून, एक शिट्टी ऐकू येत होती. आधी जराशी फुसफुस आणि मग शिट्टी. भुजंगरावांनी सूर मोजायच्या ॲपवर तिचा सूर धरून पाहिला. “पेटीवरच्या काळी दोनच्या जरा वर. चढी आहे! आता या पट्टीची शिट्टी हुडकायची, की माणूस सापडलाच.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून दैवशालाबाई, त्यांच्या नेहमीच्या बटणांच्या डबा फोनवरून.

“अहो, येताना कुकरचं रबर आणा. दिवाळीपासून सांगून राह्यले.”

“अगं, मी इथं तपास करून राह्यलोय.”

“कशाचा?”

“गाण्यातला. तुला यातलं न्हाई कळायचं.”

पलीकडून फोन बंद झाला.

शुक्रवारी पहिला सिद्धांत : रेल्वे. टणवाला रुळाशेजारी राहतो आणि रुळाच्या तुकड्यावर टण्ण करतो. दोघं बदनापूर स्टेशनावर गेले. गाडी आली, भोंगा वाजला, भुजंगरावांनी फोन उंच धरला. एक पोलीस धावत आला.

“काय करून राह्यले?”

“गाडीची पट्टी काढून राह्यलो,” भुजंगराव म्हणाले. “पांढरी पाच निघाली. तुमची गाडी उतरलेली आहे.”

गाडी रुळावरून उतरली असं समजून दोन बायका किंचाळल्या. पुढचा अर्धा तास आदिनाथ माफी मागत होता.

शनिवारी दुसरा सिद्धांत : पोलाद. टण्ण लोखंडाचा, शिट्टी कारखान्याची. जालन्यात सळईचे कारखाने थोडे नाहीत. एका फाटकावर भुजंगरावांनी वॉचमनला विचारलं, “इथं कुणी टण्ण करतं का?”

“साहेब, दिवसाला लाखभर होतात. तुम्हाला कोणता पाहिजे?”

एवढ्यात तिथला भोंगा झाला आणि ॲपचा काटा जो एका टोकाला गेला, तो परत आलाच नाही. तिसरा सिद्धांत असा, की टणवाला हा कुणी दिवंगत उस्ताद असून त्याला मुक्ती मिळालेली नाही. त्यावर आदिनाथने विचारलं, “मंग त्याला वायफाय कोण देतं?” तो सिद्धांत मागे घेण्यात आला.

संध्याकाळी दोघं हात हलवत महेमूदभाईंच्या घरी गेले. उद्यासाठी इस्त्री करून ठेवलेला कुर्ता महेमूदभाईंनी उचलला आणि पेटीत टाकला. आदिनाथला ते बघवेना.

त्यांच्या बीबी नूरबी चहा घेऊन आल्या. फोनमधून पुन्हा फुसफुस आणि शिट्टी वाजली.

“ये क्या है जी?” नूरबींनी विचारलं.

“रेल्वे नाही, कारखाना नाही, एवढं सिद्ध झालंय,” भुजंगराव म्हणाले.

“अजी, कुकर है ये! रबर ढीला हुआ सो पहले फुसफुस करता, फिर बजता. और ये टण्ण, पातेले पे पळी मारे सो.”

भुजंगराव ताडकन उठले. “खानावळ! संशयित आचारी आहे! आदिनाथ, जिल्ह्यातल्या सगळ्या खानावळींची यादी कर!”

आदिनाथने यादी केली नाही. तो चहाच्या कपाकडे बघत बसला. ढिलं रबर. दिवाळीपासून. त्याला एकदम ठसका लागला.

रविवारी सकाळी नऊला भुजंगराव दुकानापाशी आले तेव्हा शटर बंद होतं आणि आदिनाथ बाहेर उभा होता. “आज चहा तुमच्या घरी,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच कुठे जायचं ते सांगितलं होतं.

दोघं मागच्या दाराने आत शिरले. ओट्यावर भुजंगरावांचा जुना, काच तडकलेला फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. त्यातून महेमूदभाई तोडी राग गात होते, तोही आज जरा पडल्या आवाजात. दैवशालाबाई डोळे मिटून, पळी वर धरून उभ्या होत्या. तान फिरली, वळली, खाली आली.

टण्ण!

मागे कुकर फुसफुसला आणि वाजला. भुजंगरावांच्या खिशातलं ॲप चालूच होतं. त्यांनी बघितलं. काळी दोनच्या जरा वर.

“तू?” भुजंगराव म्हणाले. “तुला... यातलं...”

“माझे वडील जांब गावी पखवाज वाजवायचे. मी मांडीला मांडी लावून बसायची. लग्नात तुम्हाला सांगितलं व्हतं. तुम्ही तवा बँडवाल्याच्या चुका काढून राह्यलता.”

“मंग नोटिशीला जबाब का न्हाई दिला?”

“‘अन्यथा तपास होईल’ असं लिहिलं व्हतं. म्हणलं, होऊ द्या. तेवढंच तुम्हाला काम.”

आदिनाथने महेमूदभाईंची अट सांगितली. दैवशालाबाईंनी गॅस बंद केला, पदर सारखा केला आणि पळी धुऊन पिशवीत टाकली.

संध्याकाळी त्या पहिल्या रांगेत, नूरबींच्या शेजारी बसल्या. महेमूदभाई कुर्ता घालून आले, पण पहिल्याच ओळीला आवाज अडकला. त्यांनी त्या दोघींकडे बघितलं. दैवशालाबाईंनी पळी आणि स्टीलचा पेला मांडीवर घेतला, मान हलवली आणि वाट पाहिली. महेमूदभाईंनी डोळे मिटले, तान घेतली, ती पार वर नेली आणि बेधडक सोडून दिली. टण्ण! सगळा हॉल एका तोंडाने ‘वाह’ म्हणाला, आणि तीही पहिल्यांदाच समेवर. मग महेमूदभाई दीड तास थांबले नाहीत. आदिनाथ उघडपणे रडला.

आदिनाथलाही चहाला घेऊन घरी येताना भुजंगरावांनी कुकरचं रबर घेतलं. मापाचा अंदाज त्यांनी केवळ बुद्धीच्या जोरावर केला होता. रबर बसलं नाही.

“एक विचारू?” ते खाली मान घालून दैवशालाबाईंना म्हणाले. “ग्रुपवर मीबी रोज गातो. मला कधी टण्ण का न्हाई?”

“समेवर या, मारते.”

भुजंगराव मांडी घालून बसले, कानावर हात ठेवला आणि गाऊ लागले. दैवशालाबाईंनी पळी वर धरली. तालाची दोन आवर्तनं झाली, चार झाली, दहा झाली. आदिनाथ चहा संपवून घरी जायला निघाला, तेव्हा पळी अजून वरच होती.