डॉजचा उलटा गियर

"काका, गियर एक नंबर झालाय. फक्त उलटा झालाय," जगन मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाला. प्रभाकररावांना आधी वाटलं, हा आपली फिरकी घेतोय.

डॉज गाडी त्यांच्या वडिलांची. छपन्न सालची, होडीएवढी लांब, पुढे सोफ्यासारखी अखंड सीट आणि गियरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला. दांड्यापासून खाली गियरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्या आणि त्यांच्या सांध्यांतले बुश इतके झिजले होते, की गियर टाकायचा म्हणजे आधी तो शोधायचा. शेवटी प्रभाकररावांनी लेथवर नव्या सळ्या करून घेतल्या, नवे बुश आणले आणि ओवे गावातल्या जगनच्या गॅरेजात आठवडाभर ठाण मांडलं. मिस्त्रीच्या हातात पाना आणि प्रभाकररावांच्या तोंडात सूचना, असं ते काम चाललं होतं.

"उलटा म्हणजे?"

"पहिल्याच्या जागी रिव्हर्स, रिव्हर्सच्या जागी पहिला. दुसऱ्याचा तिसरा झालाय, तिसऱ्याचा दुसरा. मी बोललेलो, सळ्या जोडतात तो खालचा आर्म हाय तसाच ठेवू. तुमी बोललात, फिरवून बसव, गाडी चाळीस वर्षं मी चालवतोय का तू?"

असं ते बोलले होते खरे. प्रभाकरराव आवाज उतरवून म्हणाले, "मग खोल ना पुन्हा."

"आता नाय जमायचं. पुतण्याची हळद हाय. आमच्यात एक वेळ लग्नाला नाय गेलं तर चालतं, पण हळद चुकली तर भाऊ बोलायचा बंद होतो. मंगळवारी आणा."

मंगळवार फार लांब होता. कर्जतच्या रिसॉर्टचे मालक सत्यजीत रविवारी संध्याकाळी गाडी बघायला येणार होते. त्यांना ती चालवायची नव्हती, हिरवळीवर मांडून ठेवायची होती, म्हणजे पाहुण्यांना आत बसून फोटो काढता येतील. ते गिऱ्हाईक मुलाने, निनादने आणलेलं. मागच्या खेपेला त्याला ऑफिसच्या कपड्यांत गाडी ढकलावी लागली होती. तरी त्याने बापाला एक संधी दिली होती. रविवारी सकाळी चिरनेरच्या गणपतीला जाऊन यायचं. एकदाही न ढकलता गाडी परत आली, तर ती राहील. नाहीतर कर्जतला जाईल.

"तीनच तर गियर," प्रभाकररावांनी मनाची समजूत घातली. "उलट्याचं उलटं करायचं, झालं." गॅरेजातून गाडी घरी आणली जगनने, त्यामुळे हा हिशेब हाताला विचारायचा राहूनच गेला.

रविवारी निनाद परीक्षकासारखा मागे बसला. पुढे त्याची आई नीताताई, मांडीवर नारळ आणि दूर्वांची पिशवी घेऊन. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या सोसायटीचं गेट वॉचमन काशिरामने उघडलं, सलाम ठोकला. प्रभाकररावांच्या हाताने चाळीस वर्षांच्या सवयीने दांडा खाली ओढला आणि गाडी ऐटीत मागे गेली. शेजारच्या वसुंधराबाईंच्या कढीपत्त्याची कुंडी फुटली.

"बाबा, चिरनेर पुढे आहे."

"रिव्हर्स तपासून घेतला. आधी तपासलेला बरा."

रस्त्याला लागल्यावर दुसरा टाकायला गेले तो तिसरा पडला आणि गाडी हिवताप आल्यासारखी थडथडली. तिसरा टाकायला गेले तो दुसरा पडला, इंजिनाने गळा काढला. नारळ नीताताईंच्या मांडीवरून घरंगळून सीटखाली गेला.

पळस्पे फाट्याच्या आधी सिग्नलला खरी फजिती झाली. दिवा हिरवा झाला आणि डॉज मागे निघाली. मागचा रिक्षावाला घाबरून मागे सरकला, त्याच्या मागचा टेम्पोही. अख्खी रांग पावलापावलाने पनवेलकडे परतू लागली.

"ओ काका," रिक्षावाला ओरडला, "पनवेल सोडवत नाय का तुमाला?"

डॉज गचका खाऊन बंद पडली. दिवा पुन्हा लाल झाला. निनादने खिशातून मोबाईल काढला. "सत्यजीतना आत्ताच बोलावू का?"

प्रभाकररावांनी सीटवरून हात फिरवला. वडिलांनी त्यांना याच सीटवर मांडीवर बसवून पहिला हॉर्न वाजवू दिला होता. आता तिथे कोणीतरी येऊन दोन बोटं वर करून फोटो काढणार! त्यांनी बायकोकडे वळून हळूच सांगून टाकलं, "गियर उलटे बसलेत गं. माझ्याच शहाणपणाने. डोक्याला कळतंय, पण हाताला कळत नाही."

"मग हात काढा."

"काय?"

"दांड्यावरचा हात काढा. क्लच तुमचा, दांडा माझा. माझ्या हाताला सुलटंही माहीत नाही आणि उलटंही नाही. कुठे काय आहे तेवढं सांगा."

"पहिला आपल्याकडे ओढून वर. दुसरा सोडून खाली. तिसरा तिथूनच सरळ वर."

"एवढंच? भाकरी उलटायला याहून जास्त अक्कल लागते."

दिवा हिरवा झाला. प्रभाकररावांनी इंजिन पुन्हा चालू केलं. "पहिला," ते म्हणाले. "घातला," नीताताई म्हणाल्या. डॉज पुढे निघाली. रिक्षावाल्याने टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने प्रभाकररावांना सांगावंच लागेना. नीताताई इंजिनाचा आवाज ऐकून आपणच म्हणायच्या, "आता दुसरा. दाबा." वळणावर त्या म्हणाल्या, "उशीर केलात, दात घासले बघा तिचे." इतक्या वर्षांत गाडी चालवण्यावरून प्रभाकररावांना कोणी बोललं नव्हतं. पण ते निमूटपणे क्लच दाबत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा वाटू लागली होती. गणपतीचं दर्शन झालं, सीटखालचा नारळ फुटला आणि डॉज बाराच्या आत कोणाचाही हात न लागता सोसायटीत परत आली.

निनाद मागून म्हणाला, "बाबा जिंकले. आई, आता त्या सत्यजीतना काय सांगू?"

"आईला काय विचारतोस?" प्रभाकरराव म्हणाले. "गिऱ्हाईक तू आणलंस ना?"

"आईने शोधायला सांगितलं म्हणून आणलं. माझं नाव घेऊ नको म्हणाली होती."

प्रभाकरराव बायकोकडे वळले. नीताताईंचा हात अजून दांड्यावर होता.

"हो, मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं या गाडीत मला नुसतं बसावं लागत होतं. सत्यजीतना म्हणावं, गाडी विकायची नाही." मग दार उघडू पाहणाऱ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही कुठे निघालात? भाजी आणायचीय. दाबा क्लच."