मापबाईचे अकरा किलो

मी एकदा ठरवलं की ठरवलं! चार महिन्यांत अकरा किलो उतरवते, असं मी भर कारखान्यात, शिलाईची मशीनं बंद करायला लावून जाहीर केलं होतं. आणि उतरवून दाखवलं! पुढे जो गोंधळ झाला त्यात माझी चूक पाव किलो, बाकीच्यांची पावणेअकरा. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या कारखान्यात अजूनही लोक उलटा हिशेब सांगतात.

आमच्याकडे ब्रा शिवतात. मी तयार माल तपासते, पण माझं खरं पद वेगळंच होतं. नऊ वर्षांपूर्वी कटिंग मास्तरांचा फोमचा पुतळा उंदरांनी खाल्ला. नवा येईपर्यंत करायचं काय? अक्काने, म्हणजे शिलाई विभाग चालवणाऱ्या आमच्या अक्काने, टेप घेऊन पन्नासेक जणींना मापलं आणि माझ्यापाशी येऊन थांबली.

"मास्तर, पुतळा सापडला!"

कारखान्याचं मधलं माप आणि माझं माप, दोऱ्याइतकाही फरक नव्हता. नवा पुतळा काही आला नाही. मी मापबाई झाले.

दर पंधरा दिवसांनी नव्या कापडाचा नमुना यायचा. पडद्याच्या आत मी आणि अक्का. पडद्याबाहेर मास्तर, तेही भिंतीकडे तोंड करून! फार लाजरा माणूस.

"कप?"

"बसला."

"पट्टा?"

"दोन बोटं जातात."

"काठ?"

"टोचत नाही."

मग मास्तर म्हणायचे, "माप बरोबर," आणि पुठ्ठ्याच्या पॅटर्नवर सही करायचे. त्या एका पॅटर्नवरून लहानमोठी सगळी मापं निघत. हसू नका! घरात, लग्नकार्यात, आरशासमोर, जिथे जावं तिथे 'जरा सुटलीस गं' ऐकून माझे कान किटले होते. त्या पडद्याआड मात्र मी बरोबर होते. नऊ वर्षं, महिन्यातून दोनदा, मी ते दोन शब्द ऐकायला जायचे.

मग नवे मॅनेजर आले. आले ते वजनकाटा घेऊनच! गेटपाशी काटा, भिंतीवर फळा, फळ्यावर प्रत्येकाचं वजन. म्हणे आरोग्य मोहीम! पहिल्याच सभेत ते सगळ्यांना उद्देशून बोलले आणि बघत राहिले माझ्याकडे. "काही जणांना याची जास्त गरज आहे," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, चार महिने! अकरा किलो! लिहून घ्या!"

फळ्यावर माझा फोटो लागला. खाली जागा ठेवली, 'नंतरचा फोटो' म्हणून.

ते चार महिने मी कसे काढले हे विचारू नका. उकडलेल्या भाज्या बघितल्या तरी आजही मला रडू येतं. पहाटे चालायला जायचे, संध्याकाळी जिने चढायचे आणि मध्ये जो भेटेल त्याच्यावर ओरडायचे. दीड महिन्यात सहा किलो गेले! मी उड्या मारतच घरात शिरले.

"अहो, बघा ना! सहा किलो गेले!"

नवऱ्याने पेपर खाली केला. मला डोक्यापासून बघायला सुरुवात केली आणि मध्येच अडकला.

"कुठून?" त्याने विचारलं.

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. पण आरशाशी बोलावं लागलं. पोट जिथल्या तिथे! भाडं थकवून बसलेल्या भाडेकरूसारखं, हलायचं नावच नाही. गेलं होतं ते सगळं छातीवरून. बरं, नुसतं गेलं असतं तरी चाललं असतं. उशीतला कापूस काढला तरी खोळ तेवढीच राहते ना, तसं झालं होतं. वरून रिकामं, खालून ओघळलेलं. आधी जे समोर बघायचं ते आता जमिनीकडे बघत होतं. मला इतका संताप आला की सांगता येत नाही. भूक मारली मी, आणि काय द्यायचं ते माझं शरीर परस्पर ठरवतं?

आणि कापडाची गाडी अडकल्याने दीड महिना न आलेला नमुना नेमका दुसऱ्या दिवशी आला.

"कप?" मास्तरांनी भिंतीला विचारलं.

अक्काने माझ्याकडे बघितलं. कपात वरच्या बाजूला चांगली चार बोटं जात होती. "वरून फुगतोय, मास्तर."

"फुगतोय? पट्टा?"

"तोही ढिला."

बाहेरून मास्तर म्हणाले, "असं कसं? पॅटर्न तोच, माप तेच!"

आता इथे माझी ती पाव किलोची चूक. मला सांगता आलं असतं. पण मग मास्तर म्हणाले असते, 'माप चुकलं.' ते मला ऐकायचं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "इलॅस्टिक खराब आहे!"

अक्काने डोळे मोठे केले. मी तिचा हात दाबला. ती गप्प बसली. तीन मुलं वाढवलेली बाई, तिला सगळं कळलं होतं.

मास्तरांनी तडक इलॅस्टिकवाल्याला फोन लावला. तो बिचारा वीस वर्षं आम्हाला इलॅस्टिक देतो. त्याला फोनवर जे ऐकून घ्यावं लागलं ते मी इथे लिहीत नाही. त्याने नवं इलॅस्टिक पाठवलं. तोवर माझे आणखी दीड किलो गेले होते. नमुना परत ढिला! मास्तरांनी शिलाईवाल्यांना धरलं. शिलाईवाले म्हणाले, कटिंगच चुकतंय. कटिंगवाले म्हणाले, कापड ताणतंय. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही विभाग वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागले. शेवटी मास्तरांनी कात्री घेतली आणि पॅटर्नच कापला. कपाची खोली जरा कमी, पट्टा जरा आखूड.

"माप बरोबर," ते म्हणाले, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग दर पंधरवड्याला तेच. मी बारीक होत होते, मास्तर तोच पुठ्ठा कातरत होते, आणि बाहेर फळ्यावर माझ्या नावापुढे टाळ्यांची चित्रं चिकटवली जात होती. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली चालल्या होत्या आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध असेल हे तीनशे माणसांत एकालाही सुचलं नाही! अक्काला सुचलं होतं, पण तिचा हात मी दाबून धरला होता.

चार महिने झाले. काट्यावर उभी राहिले. अकरा किलो! मॅनेजरांनी हात मिळवला, फळ्यावर 'नंतरचा फोटो' लागला, आणि मला बक्षीस मिळालं. चकचकीत कागदात गुंडाळलेला डबा. "घरी जाऊन उघडा," लाल झालेल्या कानांनी मॅनेजर म्हणाले. मी तिथेच उघडला. आमच्याच मालाचा डबा होता, मधलं माप!

टाळ्या थांबायच्या आत गेटातून टेम्पो आला. मागोमाग दुसरा, मग तिसरा. दुकानदारांनी माल परत पाठवला होता. सोबत चिठ्ठ्या. 'श्वास घेता येत नाही.' 'कप आहे की बशी?' 'तुमच्या कारखान्यात बाई नाही का एकही?'

अख्ख्या बाजारात आमचं मधलं माप एकाही बाईला बसत नव्हतं. जगात ते एकाच बाईला फिट्ट बसत होतं, आणि ती बक्षिसाचा डबा धरून उभी होती.

तातडीची सभा बसली. मॅनेजर, मास्तर, अक्का, मी, आणि बोलावून आणलेला इलॅस्टिकवाला. तो तर पेटूनच आला होता. खिशातून इलॅस्टिक काढलं, टेबलावर पट्टी ठेवली, ताणलं, सोडलं, परत मापलं.

"बघा! जेवढं होतं तेवढं! वीस वर्षांत माझं इलॅस्टिक बदललं नाही. इथे एकच गोष्ट बदललीय," असं म्हणून त्याने हात वर केला.

मॅनेजरांच्या डोक्यामागे खिडकी होती आणि खिडकीबाहेर फळा. फळ्यावर मी. आधीची आणि नंतरची.

सगळे फळ्याकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. मग एकदम सगळे छताकडे!

"म्हणजे बाईंचा तो... भाग," मॅनेजर म्हणाले.

"वरची बाजू," इलॅस्टिकवाला म्हणाला.

मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले.

"म्हणजे ते जे काही असतं," मॅनेजर घाम पुसत म्हणाले, "ते, वजनाबरोबर, म्हणजे, कमी वगैरे..."

माझा बांध फुटला. "स्तन!" मी ओरडले. "स्तन म्हणतात त्याला! त्याच्यावर पोटं भरतात ना तुमची? मग तोंडाने म्हणायला काय जातं? हो, होतात कमी! चरबी असते त्यात, ती वजनाबरोबर जाते. कातडी ताणलेली असते, ती मागे येत नाही. म्हणून नुसतं माप बदलत नाही, आकार बदलतो! प्रत्येकीचा वेगळा! तुम्ही फळा लावलात, काटा आणलात, टाळ्या वाजवल्यात. ब्राच्या कारखान्यात एकाने विचारलं का, की बाई, हे अकरा किलो जाणार कुठून?"

सगळे परत छताकडे बघायला लागले.

"आणि इलॅस्टिक चांगलंच होतं," मी हळूच म्हणाले. "मी खोटं बोलले. माफ करा."

इलॅस्टिकवाल्याने मान हलवली. रागात होता, पण इलॅस्टिक मात्र त्याने नीट गुंडाळून खिशात ठेवलं.

मॅनेजरांनी उपाय काढला. काय उपाय! "जुना पॅटर्न तर कातरला गेला. जुनं माप आता कुठेच नाही. तेव्हा बाई, तुम्ही पूर्ववत व्हा."

"म्हणजे?"

"म्हणजे... वाढवा परत."

मी म्हटलं, बरं! आज्ञा साहेबांची! तीन महिने मी जेवले. मन लावून जेवले. कॅन्टीनमध्ये माझ्या ताटावर लक्ष ठेवायला माणूस नेमला होता, तो बघून बघून दमला. अकराच्या अकरा किलो परत आले. पोटावर आले, पाठीवर आले, दंडांवर आले, हनुवटीखाली आले. छातीवरही थोडे आले, पण राहायला आले ते एक मजला खाली!

"कप?" मास्तरांनी विचारलं.

"वर रिकामा, खाली गच्च," अक्का म्हणाली.

बाहेर मास्तरांनी उसासा सोडला. दुसऱ्या दिवशी ते घरून कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. मागच्या वर्षीचा आमचाच माल, मधलं माप, धुऊन इस्त्री केलेला. त्यांनी ती ब्रा उसवली, तुकडे पुठ्ठ्यावर ठेवले आणि तासाभरात जुना पॅटर्न तयार!

"मास्तर!" माझा आवाज चढला. "हे घरात होतं? मग तीन महिन्यांपूर्वी का नाही आणलंत?"

"बायकोकडे मागायची लाज वाटली," मास्तर भिंतीला म्हणाले.

तीन महिने! माझं पोट! एका माणसाच्या लाजेपायी! मी काय बोलले ते आठवत नाही, पण शिलाईची मशीनं पुन्हा बंद पडली होती.

इकडे परत आलेला माल गोदामात पडून होता. एक दिवस अक्का त्यातला डबा घेऊन पडद्याआड गेली आणि बाहेरच येईना. मी डोकावले. ती आरशासमोर उभी होती.

"मला बसली गं," ती म्हणाली. "तिन्ही मुलांनंतर पहिल्यांदा काहीतरी नीट बसलंय."

मग एकेक जण यायला लागली. आजारात वाळलेली, बाळंतपणानंतर उतरलेली, नुसतीच वय झालेली. अर्धं गोदाम आमच्याच बायकांनी रिकामं केलं. त्यांच्या बहिणींनी, जावांनी दुकानांत विचारणा केली, आणि दुकानदारांचे फोन आले, 'ते चुकलेलं माप आहे का अजून?'

मॅनेजर वजनकाटा घेऊन हसत हसत माझ्याकडे आले. "बाई, ते माप कायम ठेवायचंय. नव्या नमुन्यांना मापबाई लागेल. तेव्हा तेवढे अकरा किलो..."

"साहेब," मी म्हटलं, "मी काय लिफ्ट आहे?"

त्यांनी काटा उचलला आणि निघून गेले. त्या मापाची मापबाई अक्का झाली. जुन्या मापासाठी चक्क नवा पुतळा आला, उंदीर शिरू नयेत म्हणून काचेच्या कपाटात. आता पडद्याआड अक्का उभी राहते आणि उत्तरं मी देते.

"कप?"

"बसला."

"काठ?"

"टोचत नाही."

"माप बरोबर," मास्तर म्हणतात, आणि अक्काचा चेहरा असा उजळतो की मला दुसरीकडे बघावं लागतं. पहिल्या दिवशी मी घरी आले ती तणतणतच. कोणाचं माप बरोबर नि कोणाचं चूक, ठरवणारे हे कोण? कपाट उघडलं, बक्षिसाचा डबा काढला आणि घालून बघितलं. एक हुक कसाबसा लागला. श्वास रोखला, दुसरा लावायला गेले, तर पहिला तुटून आरशावर आदळला.

"काय झालं गं?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"काही नाही!" मी ओरडले. "इलॅस्टिक खराब आहे!"