पहिल्या खळग्यातले नाचरे जंत

सात हजार जीन गप्प बसवलेत मी! खोटं वाटत असेल त्यानं प्रयोगशाळेत येऊन मोजावेत.

पद्धत सोपी आहे. एका ताटलीत शहाण्णव खळगे, प्रत्येकात वेगळे बॅक्टेरिया. ते खाल्ले की जंतांचा एक ठरावीक जीन गप्प बसतो, म्हणजे कामच थांबवतो. आमचे जंत जन्मापासून लुळे. कुठला जीन गप्प केल्यावर ते वळवळतात, एवढंच शोधायचं. शुक्रवारपर्यंत सापडला नाही तर माझी नोकरी संपणार, हेही सरांनी हसत हसत सांगून टाकलेलं!

गुरुवारी पहिल्या खळग्यात डोकावले, तर जंत चक्क नाचतायत! तिथूनच घरी फोन लावला.

"आई, सापडला!"

"अगंबाई! कसा आहे गं?"

"त्याला गप्प बसवलं की सगळे नाचतात!"

"म्हणजे स्वभावानं गरीब आहे. थांब, मावशीला कळवते!"

पाचव्या मिनिटाला मावशी फोनवर हजर. "उंची किती गं त्याची?"

"मावशी, तो नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही!"

"चालेल गं. या वयात किती निवडत बसणार!"

मी काही बोलणार, तेवढ्यात सर आले. त्यांनी ताटली पाहिली, मग मला पाहिलं.

"मॅडम, ताटली उलटी फिरलीय."

"शक्यच नाही! सात हजार जीन गप्प केलेत मी!"

त्यांनी ताटलीचा कापलेला कोपरा दाखवला. तो माझ्या डावीकडे हवा होता. होता उजवीकडे.

"शेवटच्या खळग्यात आपण काय ठेवतो?"

"तुलनेसाठी... धडधाकट जंत."

"तेच तुम्ही पहिला खळगा म्हणून पाहिलेत. धडधाकट जंत वळवळतात, हा तुमचा शोध!"

माझं डोकंच फिरलं. "बरं मग? अजून दीडशे ताटल्या उरल्यात! दिवसभर जंतांची वळवळ मोजणारा दुसरा कुणी माईचा लाल असेल तर आणा, मी आत्ता जाते!"

सरांनी खोलीभर नजर फिरवली. सगळे सहकारी एकदम टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. मला सहा महिने वाढवून मिळाले!

ताठ मानेनं घरी गेले. सोफ्याला नवं कव्हर, त्यावर आई आणि मावशी.

"काय झालं गं?"

"तो नव्हताच. धडधाकट निघाला सगळा प्रकार."

"धडधाकट म्हणून कुणी नकार देतं का!" दोघी एकदमच ओरडल्या.

सात हजार गप्प केलेत मी. या दोघी अजून बोलतायत.