टिकाऊ वेड

सासूबाईंच्या फर्निचरच्या दुकानावर नवी पाटी चढली, त्या दिवसापासून धाकटी सून आणि थोरले दीर यांच्यात बोलणं कमी आणि टोमणे जास्त सुरू झाले.

पाटीवरची अक्षरं सुनेची होती. अक्षरं घडवणं हाच तिचा व्यवसाय. लग्नाआधीपासून ती या एका वळणामागे लागली होती. उभी रेघ दाराच्या चौकटीएवढी जाड, तर आडवी-तिरपी रेघ शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक. भिंतभर लावलं की रस्त्यावरचा माणूस थबकलाच पाहिजे, असं ते अक्षर. ते पहिल्यांदाच कुठेतरी लागत होतं. ‘सोफा आणि बेड’, एवढेच शब्द, पण पुरुषभर उंचीचे.

“अर्धं अक्षर जेवलंय आणि अर्धं उपाशी आहे,” सासूबाई म्हणाल्या होत्या. पण पाटी लावू दिली.

दिराला मात्र ते अक्षर पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होतं. आणि तरीही पेपरात जाहिरात द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने तेच उचललं. पाटी आणि जाहिरात एकसारखी दिसायला हवी, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

“भावजी, हे अक्षर मोठंच लावायचं असतं,” सुनेने बजावलं. “लहान छापलंत तर बारीक रेघा उडतील.”

“मग त्या रेघा जरा जाड कर की! तुझं काय जातंय?”

“सगळंच जातं. बारीक जाड केलं की उरतं मिळमिळीत. लहान छापायचं तर दुसरं अक्षर घ्या, याला मी हात लावणार नाही.”

“हट्टी आहेस.”

“आहे.”

दीरही काही कमी हट्टी नव्हता. त्याने जाहिरात तशीच धाडली, तीही काडेपेटीवरच्या चित्राएवढी.

सकाळी पेपर आला. बारीक रेघा खरोखरच उडाल्या होत्या. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ गेली आणि त्याचा ‘व’ झाला. ‘फ’ची शेपटी गेली, त्याचा ‘प’ झाला. बाकी मजकूर जागच्या जागी होता:

‘टिकाऊ वेड. तीन पिढ्यांची खात्री. सोपा घेतल्यास वेड घरपोच.’

दुकान उघडायच्या आधीच फोन वाजू लागला. पहिल्याने विचारलं, “घरपोच म्हणजे किती वाजता येईल? त्याप्रमाणे मी बाहेर जाईन.” दुसऱ्या बाईंना डबल हवं होतं, कारण सिंगल नवऱ्याच्या रूपाने घरात होतंच. एका निवृत्त मास्तरांनी फक्त एवढंच सांगितलं, की तीन पिढ्यांची खात्री त्यांना पटते, कारण या घरातल्या तिन्ही पिढ्या त्यांनी पाहिल्या आहेत.

हे शेवटचं दिराच्या फार जिव्हारी लागलं. त्याने रिसीव्हर आपटला आणि पाटीवाल्याला बोलावून घेतलं.

“शिडी लाव. ही पाटी आत्ताच्या आत्ता खाली आली पाहिजे.”

पाटीवाल्याने शिडी लावली, पाना शोधायला पिशवीत हात घातला आणि वर बघतो तो काय, सून शिडीच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलेली. पदर खोचलेला, एक हात ‘बे’च्या मात्रेवर.

“खाली उतर!” दीर ओरडला. “लोक बघतायत!”

“बघू देत. पाटी बघायलाच लावतात.”

“तुझ्या या अक्षरामुळे आपली अब्रू गेली!”

“माझं अक्षर इथे वर आहे, भावजी. इथून एक रेघ उडालेली दाखवा, मी स्वतः पाना फिरवते.”

खाली गर्दी जमली. कुणी म्हणालं, काढा. कुणी म्हणालं, बाई पडेल. पाटीवाला पिशवीवरच बसला. सुनेने मात्रेवरची पकड घट्ट केली. इतके महिने रबर घासून घासून जमवलेली ती वळणं. आज पाटी उतरली तर पुन्हा कुणी चढवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. कुणालाच काही न विचारता रस्ता ओलांडून त्या पलीकडे गेल्या, आणखी पुढे, पार कोपऱ्यापर्यंत. तिथे चष्मा काढून त्या वळल्या आणि भाजी घेताना भाव ठरवतात तेवढ्या मोठ्याने ओरडल्या, “सोफा आणि बेड!”

मग सावकाश परत आल्या.

“पेपरात केवढं छापलंस?”

दिराने खिशातून काडेपेटी काढून दाखवली.

“हत्तीला डबीत कोंबलास, आणि आता शिव्याही हत्तीलाच? पाटी राहील. आणि चूक तुझी आहे, तेव्हा पेपरात दुरुस्ती तूच द्यायचीस.”

“देतो,” दीर फणफणला. “पण साध्या, सरळ, माणसांच्या अक्षरात! हिच्या नाही!”

“द्या की,” सून शिडीवरूनच म्हणाली.

मग गर्दीच्या कलकलाटात, एका कानात बोट घालून, दिराने पेपरच्या कचेरीला फोनवर मजकूर सांगितला. त्याने तो तावातावाने सांगितला, आणि पलीकडच्याने शब्द न् शब्द उतरून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर चहाला बसलं होतं. दिराने पेपर उघडला आणि तो तसाच धरून बसला. सासूबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि मोठ्याने वाचला:

“‘कालच्या जाहिरातीत चुकून बेड असे छापले गेले. वाचकांनी तेथे वेड असे वाचावे. हीच आमची ओळख आहे.’”

 सुनेने पेपर मागून घेतला, उजेडाकडे नेला आणि बराच वेळ निरखून पाहिला.

“छपाई मात्र सुरेख झालीय, भावजी,” ती म्हणाली. “अक्षर न् अक्षर वाचता येतंय.”