मृण्मयीची रोजची पेशी

कुठलाही अवघड विषय माझ्यापुढे ठेवा, मी तो अस्सल मराठीत इतका सोपा करून देतो की ऐकणाऱ्याला शंकाच उरत नाही! म्हणूनच भाची मृण्मयीला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर, तिच्या कामाची माहिती मामा देईल, असं मीच जाहीर केलं. मृण्मयी आणि यशोधनचं आधीच जुळलेलं होतं. होकार हवा होता तो फक्त त्याच्या वडिलांचा, भय्यासाहेबांचा.

मृण्मयी इंदूरच्या एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी चिपवर वाढवते. चिपवर केसाहून बारीक इलेक्ट्रोड असतात. पेशी एकमेकींशी बोलल्या की इवलीशी वीज उमटते, ती हे इलेक्ट्रोड टिपतात आणि मृण्मयी तिची नोंद ठेवते. आहे काय त्यात?

उज्जैनच्या माधव नगरात बहिणीच्या घरी पोहे-जिलबी पुढे आली. भय्यासाहेबांचं घराणं शिंद्यांच्या दरबारापासून उज्जैनचं, त्यामुळे मराठी निम्मी हिंदी. त्यांनी विचारलं, मुलगी इंदूरला कशासाठी जाते?

"पेशी असते," मी म्हणालो.

त्यांचा चमचा थांबला. "रोज?"

"रोज. कधी कधी रविवारीसुद्धा."

"मामला कसला आहे?"

"विजेचा." मी रंगात आलो. बारीक तारा लावायच्या आणि कुणाला जाणवणारही नाही अशी वीज हळूच उचलायची, हे हातवारे करून समजावलं. कित्येक वर्षं चालू आहे, अजून निकाल हाती नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता.

"एकटीच आहे, की साथीदार आहेत?"

"चांगली टोळी आहे," मी कौतुकानं म्हणालो. "पण या कामात मृण्मयीचा हात कुणी धरू शकत नाही!"

भय्यासाहेब उठले. हात जोडून म्हणाले, "मुलगी गुणी असेल, पण हा रिश्ता काही जमणार नाही." यशोधनचा चेहरा पडला. बहीण रडवेली झाली. एवढं छान समजावूनही माणूस उठलाच कसा?

मृण्मयी स्वयंपाकघरातून धावत आली. "काका, कोर्टातली पेशी नाही हो. मामाची पेशी म्हणजे कोशिका. दिमाग की कोशिका." तिनं मोबाइलवर चिपची नोंद दाखवली. पेशी बोलली की त्यावरची रेघ टुणकन उडी मारत होती.

भय्यासाहेबांनी वाकून ती रेघ बघितली. मग खुर्चीत धपकन बसले आणि कपाळाचा घाम पुसला.

"सुटलो, बेटा. एका घरात दोन पेश्या कशा झेपल्या असत्या?"

"दुसरी कुणाची?" मी विचारलं.

"माझी. सोमवारी आहे." पोह्यांवर शेव घालत ते म्हणाले, "मीटरवाल्यांनी आमची खांबावर टाकलेली तार पकडली ना."

होकार मिळाला. मुहूर्त काढायला बोलावलेल्या गुरुजींनी पंचांग उघडलं, आणि भय्यासाहेबांनी पुढच्या तारखा विचारायला वकिलाला फोन लावला.